ओबी डंपवर रोपं जगत नाहीत, मग आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या एका कोळसा खदानीच्या ओबी डंपवर (ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरून काढून टाकलेल्या माती-दगडाचा ढीग) गेल्या जुलैत तुम्ही ४००० रोपं लावली, होळीपर्यंत दहातली आठ वाळली, उतारावर कमरेएवढे ओघळ पडले, खालच्या वावरात गाळ गेला म्हणून शेतकरी भांडायला आला, आणि आता माती धरून ठेवणारी झाडं कोणती ते सांगा. मी नर्सरीपासून सुरुवात करून पंचवीसेक वर्षं याच ढिगाऱ्यांवर काढलीत, त्यामुळे सरळच सांगतो, झाडाची जात हा शेवटचा प्रश्न आहे. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हा पहिला, जमीन किती दबली आहे हा दुसरा, गवत कधी पेरलं हा तिसरा, मग झाड. तुम्ही शेवटून सुरुवात केलीत, पण त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही, टेंडरच तसं निघतं, "रोपे, नग ४०००", त्यात पाण्याचं नावच नसतं.

आधी तो ढीग म्हणजे काय ते बघा. आपण त्याला माती म्हणतो पण ती माती नाहीच. आपल्या वर्धा खोऱ्यात वरून खाली जाताना काळी कापसाची जमीन, मग पिवळी चिकण, मग कामठीचा वाळूखडक, मग शेल (चिकणमातीचा पापुद्र्यांचा दगड) आणि कोळसा असं काहीसं लागतं. खोदताना हे ज्या क्रमाने निघतं त्याच्या उलट्या क्रमाने ढिगावर पडतं, म्हणजे हजारो वर्षांत तयार झालेली काळी जमीन जाते तळाशी आणि ज्याने कधी ऊन बघितलं नाही तो दगड येतो वर. त्याच्यात नत्र जवळजवळ नाही, जिवाणू नाहीत, गांडूळ नाही, मुळाच्या कुजक्या वाटा नाहीत ज्यातून पाणी मुरावं. दगडाचा चुरा आहे तो, आणि आपण त्याच्याकडून वावरासारखी अपेक्षा करतो.

इथे एक फसगत सांगून ठेवतो कारण मी स्वतः फसलोय. सुरुवातीच्या काळात एका साइटच्या नमुन्याचा रिपोर्ट आला, सेंद्रिय कर्ब दोन टक्क्यांच्या वर. शेतकऱ्याच्या वावरात अर्धा टक्का मिळायची मारामार आणि इथे दोन! साहेब खूश, म्हणाले मग शेणखत कशाला, ते बजेटमधून काटून टाकलं. त्या पावसाळ्यात गवतसुद्धा पिवळं पडून जागच्या जागी बसलं. नंतर एका जुन्या जाणत्या माणसाने नमुन्याची पिशवी उलटी करून दाखवली, त्यात कोळशाचा चुरा होता. लॅबमध्ये जी नेहमीची वॉकले-ब्लॅकची पद्धत वापरतात ती कोळशातला कार्बनही थोडाफार पकडते, आणि रिपोर्टवर तो सेंद्रिय कर्ब म्हणून छापून येतो. कोळशातून झाडाला काही मिळत नाही हो. त्यामुळे डंपच्या रिपोर्टमधला कर्बाचा आकडा सोडून द्या, उपलब्ध नत्र, स्फुरद, पीएच आणि क्षार एवढंच बघा.

पीएचचं म्हणाल तर बहुतेक ढीग ठीकठाक असतात, पण काळ्या शेलचे पट्टे असतात तिथे पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल सुटतं. ओळखायला सोपं, नारिंगी-पिवळी पापुद्रे धरलेली जमीन, आजूबाजूला तरोटासुद्धा उगवलेला नाही, आणि तिथल्या डबक्याचं पाणी नितळ, संशय यावा इतकं नितळ. तिथे चुना टाकता येतो, पण नुसता चुना टाकून दोन पावसाळ्यांनी पुन्हा तेच होताना मी बघितलंय, कारण आतला पायराइट संपलेला नसतो. तो माल आत गाडून वर दुसऱ्या मालाचा जाड थर देणं हेच खरं. आणि हिवाळ्यात सकाळी सहाला एकदा डंपवर फेरी मारा, कुठे वाफ निघताना दिसली तर आत कोळसा धुमसतोय, तिथे काहीही लावू नका, आधी खदानवाल्यांकडून तो भाग उकरून विझवून चिकणमातीने लिंपून घ्या.

आता घरच्या घरी करायची चाचणी. काचेचा ग्लास घ्या, त्यात पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, बोअरचं नको, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार खोटं उत्तर देतात. डंपवरचं बोराएवढं सुकं ढेकूळ अलगद तळाशी सोडा आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ फुटून त्याचा चुरा झाला पण पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक आहे, सेंद्रिय खताने आणि मुळांनी ते सुधारेल. पण ढेकळाभोवती दुधासारखं पांढरट-पिवळं धुकं सुटायला लागलं, दोन तासांनी आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ढगाळच राहिलं, तर ती चिकणमाती पाण्यात विरघळल्यासारखी पसरणारी आहे, त्यात सोडियम जास्त असतो. असल्या मालात ओघळ वरून पडत नाही, पाणी एखाद्या भेगेतून आत शिरतं, आतल्या आत बोगदा करतं आणि मग एक दिवस वरचं छत कोसळतं. असल्या जागी कितीही रोपं लावा, उपाय जिप्समपासून (कॅल्शियमचं खनिज, ते सोडियमला हटवतं) सुरू होतो.

आता पाणी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. डंपरने माल ओतला की तो आपोआप ३७-३८ अंशांवर थांबतो. त्या उतारावर बी टिकत नाही आणि खत टिकत नाही, माणूससुद्धा धड उभा राहत नाही. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये साधारणपणे एकूण उतार २८ अंशांच्या आत आणि एकेक बेंच, म्हणजे ढिगाची पायरी, ३० मीटरपेक्षा उंच नको असं लिहिलेलं असतं. २८ अंश म्हणजे एक मीटर चढायला जवळपास दोन मीटर आडवं. तुमच्या डंपचा उतार मोजा, फोनमध्ये अँगल मोजायचं अॅप असतं, एक सरळ फळी उतारावर ठेवा आणि तिच्यावर फोन. ३५च्या वर भरला तर झाडांची चर्चाच थांबवा आणि खदानवाल्यांना डोझर मागा. देत नाहीत, डिझेलचं कारण सांगतात, तरी लेखी मागा.

डोझर मिळाला की तो माणूस काय करतो, उतार मस्त गुळगुळीत करून देतो, फोटोत छान दिसतो. तेच नको. डोझर उतारावर वर-खाली चालवायला सांगा, म्हणजे त्याच्या पट्ट्यांचे ठसे उतारावर आडवे उमटतात, प्रत्येक ठसा म्हणजे चार बोटं रुंदीचा छोटासा वाफा, त्यात बी अडकतं, पाणी क्षणभर थांबतं. आडवा चालवला की ठसे उभे उमटतात आणि प्रत्येक ठशाची नाली होते. एवढ्या एका गोष्टीला एक रुपया जास्त लागत नाही आणि दहातल्या नऊ साइटवर ती उलटी केलेली असते.

मग बर्म, म्हणजे दोन बेंचमधली सपाट पट्टी. ती आतल्या बाजूला झुकलेली हवी, बाहेरच्या नाही. बाहेर झुकली की वरच्या बेंचचं सगळं पाणी खालच्या उतारावर पडतं आणि तुमचे ते कमरेएवढे ओघळ तिथूनच सुरू झालेत असं मी न बघता सांगतो. आत झुकवा, आतल्या कडेला नाली काढा, नालीला थोडासा लांबीचा उतार द्या आणि दर काही अंतरावर दगडी पिचिंगची (दगड बसवलेली) किंवा गॅबियनची (तारेच्या जाळीत दगड भरलेली) उतरण करून पाणी खाली न्या. पायथ्याला दगडी भिंत, तिच्या बाहेरून गारलँड ड्रेन, म्हणजे ढिगाला वळसा घालणारी नाली, ड्रेनच्या शेवटी गाळ बसायला टाकी. तुमच्या त्या शेतकऱ्याचं भांडण या टाकीवर मिटतं, रोपांवर नाही. आणि टाकी पावसाळ्याच्या मध्यात एकदा उपसावी लागते, ती भरलेली असेल तर नसल्यासारखीच.

आपल्याकडे एक मोठी गडबड होते ती पाणलोटाच्या कामातून आलेल्या लोकांची. पाणी अडवा, पाणी जिरवा हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की डंपच्या उतारावरही ते समपातळी चर खोदतात. डोंगरावर ते बरोबर आहे, खाली खडक आहे, डोंगर हजारो वर्षं उभा आहे. डंप म्हणजे सैल ओतलेला ढीग. त्यात पाणी जिरवलंत तर ते आत साठतं, ढिगाचं वजन वाढतं, आतली घट्ट पकड सुटते आणि बाजू खाली येते. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावात कोळसा खदानीचा ढीग सरकून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. तो ढीग झऱ्यावर टाकलेला होता. म्हणून डंपवर पाणी जिरवायचं नाही, हळू चालवत खाली उतरवायचं. मुरेल ते मुळांच्या खोलीइतकंच. वरच्या सपाटीवरही तळी साचू देऊ नका, बदकं आली म्हणून खूश होणारे साहेब मी बघितलेत.

काळ्या मातीबद्दल पण तुम्ही विचारलंय, उतारावर दीड फूट काळी माती टाकू का म्हणून. नका टाकू. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खालच्या दगडी थरापर्यंत जातं, तिथे निसरडं होतं आणि वरची माती गोधडी ओढल्यासारखी घसरत खाली येते, रोपांसकट. उतारावर जेमतेम १०-१५ सेंटीमीटर टाका आणि ती वेगळा थर म्हणून ठेवू नका, खालच्या मुरमाड मालात मिसळून घ्या. सपाटीवर मात्र खुशाल फूटभर द्या. आणि ती माती कुठून आणताय ते बघा. पाच-सहा वर्षं उंच ढीग मारून ठेवलेली टॉपसॉईल नावालाच टॉपसॉईल असते, आत हवा नाही, त्यातलं बी आणि जिवाणू बहुतेक संपलेले असतात. खदान पुढे सरकताना नवीन जागेची जी काळी निघते ती त्याच हंगामात थेट तुमच्याकडे पडली पाहिजे, यासाठी शिफ्ट इन्चार्जशी चहापाण्याची ओळख ठेवणं हे माझ्या मते अर्धं काम आहे.

सपाटीचा रोग वेगळा. तिथे शंभर टनी डंपर वर्षानुवर्षं फिरलेले असतात, सब्बल मारली की टण्ण वाजून परत येते. त्यात तुम्ही मजुरांकडून एक फुटाचे खड्डे पाडून घेतलेत, म्हणजे सिमेंटच्या रस्त्यात कुंड्या कोरल्यात. पावसाळ्यात त्या कुंडीत पाणी तुंबून मुळं सडली आणि जी वाचली ती ऊन तापताच भाजली, कारण मूळ कुंडीबाहेर गेलंच नाही. मेलेलं एक रोप उपटून बघा, मुळं खड्ड्याच्या भिंतीला धरून गोल गोल फिरलेली दिसतील. याला उपाय डोझरच्या मागचा रिपर, म्हणजे जमीन फोडणारा लोखंडी दात, ६० ते ९० सेंटीमीटर खोल, एकदा उभा एकदा आडवा, आणि जमीन कोरडी असताना. ओल्यात रिपर मारला तर लोण्यातून सुरी फिरल्यासारखी नुसती चीर पडते, काही फुटत नाही. अमेरिकेत १९७७ च्या खाणकायद्यानंतर खदानी भरून, दाबून, गुळगुळीत करून द्यायची पद्धत पडली, ढीग घसरायचे थांबले पण झाडं वाढेनात. मग अॅपलॅशियन भागातल्या लोकांनी नवीन पद्धत मांडली, त्यात पहिलंच काम असं की वरचा निदान चार फुटांचा थर सैल राहू द्या, त्याच्यावर यंत्र कमीत कमी फिरवा. आपल्याकडे अजून रोलर फिरवून देतात.

खत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खदानीच्या ढिगांवर साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी) वापरलं, जोडीला रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू आणि मायकोरायझा म्हणजे मुळांवरची ती उपयोगी बुरशी, आणि उघड्या ढिगांवर झाडोरा उभा केला. तत्त्व बरोबर आहे, पण वणीला प्रेसमड आणायचं तर भाड्यातच मरतो माणूस. आपल्याकडे काय फुकट आहे ते बघा, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आणि सोयाबीनचं कुटार. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकरी पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवून देतात, ती बंडीच्या भाड्यात मिळते. पऱ्हाटी-कुटार मातीत कालवू मात्र नका, कुजताना ते उरलंसुरलं नत्रही खाऊन टाकतं, वरून पांघरूण म्हणूनच वापरा. मातीत जे घालायचं ते कुजलेलं शेणखत. मायकोरायझाची पाकिटं बाजारात मिळतात, त्यातली किती जिवंत असतात देव जाणे, मी अजूनही जवळच्या जंगलकाठाला जाऊन जुन्या करंजाखालची, पळसाखालची वरची माती दोन टोपल्या आणतो (परवानगी घेऊन, आणि एका जागेहून ओरबाडून नाही) आणि नर्सरीत पिशव्या भरताना मूठ मूठ टाकतो. विरजण लावतो तसं. थर्मलची (औष्णिक वीज केंद्राची) राखही लोक घालतात, चंद्रपूरला राखेला काय तोटा, भारी चिकण मालात थोडी मिसळली तर माल मोकळा होतो, पण जास्त झाली की वर पापुद्रा धरते आणि बोरॉनचा त्रास, त्यामुळे मी हात राखून वापरतो.

आता गवत. माझा सगळा भरवसा गवतावर. झाडाचं मूळ उताराला धरतं हे खरं पण ते पाच वर्षांनी, तुमची माती जाते पहिल्या दोन पावसाळ्यांत, आणि ती जाते पावसाच्या थेंबाच्या माराने. थेंब उघड्या मातीवर पडला की फुटतो, कण उडवतो, वरची भोकं लिंपून टाकतो आणि मग पाणी मुरायचं सोडून पळत सुटतं. त्या थेंबाला जमिनीपासून वीतभर उंचीवर अडवायचं काम गवतच करतं.

पेरायचं कधी, तर पाऊस पडल्यावर नाही, आधी. धूळपेरणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात बी मातीत पाहिजे, कारण पावसाळा लागला की उतारावर माणूस चढत नाही आणि पहिला दणका उघड्या जमिनीवर बसतो. मिश्रण करा, एकाच जातीवर जुगार नको. मारवेल, पवना, डोंगरी, कोरड्या रेताड भागात अंजन गवत, नत्रासाठी स्टायलो हा शेंगवर्गी चारा. सोबत लवकर उगवून सावली धरणारं काहीतरी, ताग, धेंचा, बाजरी, मटकी, जे बी स्वस्त मिळेल ते. ते दोन-तीन महिन्यांत मरून जातं आणि जागेवरच आच्छादन होतं. स्टायलोचं बी कडक असतं, गरम पाण्यात, उकळत्या नाही, ८० अंशांच्या आसपास, चार-पाच मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात, नाहीतर निम्मं पुढच्या वर्षी उगवतं. गवताचं बी हलकं, वाऱ्याने उडतं, म्हणून ओलसर माती-शेणकाल्यात चोळून सुकवून मग फेका.

आणि कुसळीला विसरू नका. विकत मिळत नाही, नोव्हेंबरात माळावरून बायका गोळा करून देतात. तिचं एक बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, ते काळं लांब कुसळ पिळ सोडत गरगर फिरायला लागतं, सुकलं की पुन्हा पिळ घेतं. म्हणजे दहिवराने रोज ओलं व्हायचं आणि उन्हाने सुकायचं, आणि तेवढ्यावर ते बी गिरमिट लावल्यासारखं स्वतःला जमिनीत रोवून घेतं. ज्या उतारावर मी दोनदा महागडं बी पेरून हरलो तिथे कुसळी बसली. कपड्यांत घुसते, बकऱ्यांच्या तोंडाला टोचते म्हणून लोक शिव्या घालतात, पण बकऱ्या टाळतात हाच डंपवर तिचा मोठा गुण.

वाळा पण चांगला, लोक फार नाव घेतात, पण तो सगळ्या उतारावर लावायची गोष्ट नाही. पहिले काही महिने त्याला ओल लागते. बर्मच्या कडेला, उतरणीच्या दोन्ही बाजूंना, नालीच्या काठाने आडव्या ओळीत, दोन ठोंबांत वीतभराहून कमी अंतर, अशी जिवंत भिंत करा.

काथ्याची जाळी अंथरायची का? बजेट असेल तर सगळ्यात तीव्र उताराच्या भागावर हो, दोन-तीन वर्षं टिकते तेवढ्यात गवत बसतं. पण जाळी मातीला चिकटून पाहिजे. एका साइटवर ओघळ न बुजवता वरून जाळी ताणली होती, लांबून बघायला सुंदर, जवळ गेलो तर ओघळावर मच्छरदाणी बांधल्यासारखी लोंबत होती आणि खालून पाणी आपलं काम करत होतं, माती जाऊन जाळी तेवढी उरली. वरच्या टोकाला चर खोदून जाळीचं तोंड त्यात गाडायचं, मध्ये मध्ये खुंट्या, आणि आधी जमीन सारखी करायची. पैसे नसतील तर पऱ्हाटीच्या मांडीएवढ्या जाड मोळ्या बांधा, उतारावर आडव्या, अर्ध्या गाडून, बांबूच्या खुंट्यांनी ठोकून, दोन ओळींत दोन-अडीच मीटर. मोळीच्या मागे महिन्याभरात गाळ अडतो आणि पहिलं हिरवं तिथेच दिसतं.

गोव्यातला एक मित्र म्हणतो तुमचं काय, तुमच्याकडे हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे तीन हजार. डिचोली-सत्तरीकडचे लोहखनिजाचे ढीग, लाल बारीक माल, पाऊस लागला की लाल चिखल थेट भातशेतात आणि ओहोळात. तिथे पूर्वी ऑस्ट्रेलियन बाभूळ सरसकट लावली गेली, हिरवं झटपट झालं हे मान्य, पण तिची पानं लवकर कुजत नाहीत, खाली जाड सुका थर साचतो आणि दुसरं काही फारसं येत नाही. शिवाय त्यांच्या जुन्या डंपमधला कमी प्रतीचा माल आता विकण्यालायक झालाय, त्यामुळे वीस वर्षं जोपासलेला ढीग उद्या पुन्हा उपसला जाऊ शकतो, हे दुखणं आपल्याकडे तरी नाही.

आता झाडं, शेवटी एकदाची. सुबाभूळ तुमची जगली कारण ती कुठेही जगते. मी तिला राक्षस म्हणत नाही, पण ती बी इतकं टाकते की पाच वर्षांत दुसऱ्याला जागा ठेवत नाही. नव्याने लावू नका, आहे ती शेंग धरायच्या आधी छाटत राहा आणि पाला आच्छादनाला वापरा. गिरीपुष्पाचंही तेच काम, ते शिस्तीत राहतं. सागवान लावा म्हणून वरून सूचना येईल, नम्रपणे टाळा. सागाच्या मोठ्या पानावर थेंब थेंब जमून मोठा टपोरा होऊन पडतो आणि सागाखाली जमीन उघडी असते, उतारावर साग म्हणजे धूप वाढवणं. पहिल्या वर्षी झाड नकोच, दुसऱ्या पावसाळ्यात गवतात जागा करून करंज, सिरस, खैर, हिवर, सिसम, आपटा, बोर, कडुनिंब, पायथ्याच्या ड्रेनकाठी बांबू. सीताफळ आणि पळस तर बी टोकून द्या, पिशवीच्या रोपापेक्षा बी टोकलेलं झाड सोटमूळ सरळ खाली सोडतं आणि पाणी मागत नाही. रोप घ्यायचं तर दीड-दोन फुटांचं घ्या. पाच फुटी रोपं पाहुण्यांच्या हस्ते लावायला ठीक, त्यांना पानं जास्त आणि मुळं कमी, मे महिन्यातल्या ४६-४७ डिग्रीत टिकत नाहीत. आणि तुमच्या मेलेल्या रोपांपैकी दहा उकरून बघा, निदान दोनाची काळी पिशवी तशीच असेल. मजुराला नगावर पैसे दिले की पिशवी फाडायला वेळ कोण घालवेल, म्हणून फाटलेल्या पिशव्या मोजून पैसे द्या.

बकऱ्या आणि आग यावर लांबण लावत नाही. तारेचं कुंपण चोरीला जातं, त्यापेक्षा गावाला सांगा की चराई बंद पण दिवाळीनंतर गवत कापून न्या, फुकट. गवत कापलं गेलं की आगीचा धोकाही कमी होतो. जानेवारीतच चहूबाजूंनी तीन-चार मीटरचा पट्टा साफ करून घ्या, मार्चमध्ये मोह वेचायला खालचा पाला पेटवतात आणि तो वणवा डंपवर चढतो.

या वर्षी तुमच्या हातात आता मार्च ते जून आहेत, पैसे थोडे आहेत, म्हणून सगळ्या डंपवर पसरू नका. ज्या बाजूचा गाळ त्या शेतात जातो ती एक बाजू धरा. एप्रिलमध्ये बर्म आत झुकवून घ्या, ओघळ दगडाने भरा, पायथ्याची टाकी खोदा, मेमध्ये मोळ्या, जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरणी. रोपं या वर्षी शून्य, आणि ते साहेबांना लेखी कळवा, कारण ऑगस्टमध्ये ते रोपं मोजायला येतील. मोजायचंच असेल तर त्यांच्यासमोर दहा मीटरची सुतळी ताणा, दर वीतभरावर गाठ मारलेली, आणि किती गाठींखाली उघडी माती आहे ते मोजा, जूनमध्ये एकदा, पुढच्या मेमध्ये एकदा. सप्टेंबरचा फोटो कुणाचाही हिरवाच येतो. उतारावर लोखंडी सळ्यांचे दहा-बारा तुकडे ठोकून जमिनीच्या पातळीला रंगाची रेघ मारून ठेवा, रेघेखाली किती सळी उघडी पडली तेवढी माती गेली, शेतकऱ्याशी बोलतानाही हा आकडा कामी येतो.

पहिल्या मोठ्या पावसात गमबूट घालून पायथ्याला उभे राहा, वरच्या कडेला जाऊ नका, आणि पाणी कुठून फुटतं ते मोबाईलवर घ्या. त्याआधी ती ग्लासची चाचणी तीन ठिकाणच्या ढेकळांवर करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे तिन्ही फोटो पाठवा. पाणी दुधाळ राहिलं असेल तर वरच्या यादीत पेरणीच्या आधी जिप्सम घालावं लागेल, किती ते ढेकूळ बघून सांगतो.